लँकेस्टर मळवायचे किती? (१/७२, ‘एस फॉर शुगर’)

गरुडमाची

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या अ‍ॅव्रो लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या १/७२ प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेलची जुळणी संपली आहे, सांधे घासून झाले आहेत आणि प्रायमरचा हातही देऊन झाला आहे. मी निवडलेले विमान आर५८६८ क्रमांकाचे, म्हणजे सध्या लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये असलेले ‘एस फॉर शुगर’. हे विमान १९४२ च्या उन्हाळ्यात ८३ स्क्वाड्रनकडे आले, नंतर ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनकडे गेले आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्या नावावर १३७ मोहिमा जमा झाल्या. मला ते मे १९४४ मधले, शंभराव्या मोहिमेच्या सुमाराचे करायचे आहे. वरच्या बाजूस गडद मातकट आणि गडद हिरवा, बाजू व पोट काळे, संकेताक्षरे फिकट लाल, नाकाजवळ बॉम्बच्या लहान चित्रांच्या रांगा आणि त्यांच्याखाली ‘शत्रूचे एकही विमान राइशवरून (म्हणजे जर्मनीवरून) उडणार नाही’ ही जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई, असा एकंदर थाट आहे.

प्रश्न असा, की हे विमान किती मळलेले दाखवावे? इंटरनेटवर जी मॉडेले दिसतात त्यांतली निम्मी कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखी दिसतात आणि उरलेली कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखी. शिवाय एवढा मोठा काळा पृष्ठभाग सपाट दिसू नये म्हणून काय करावे, हेही सांगावे. एअरब्रश ०.३ मिमीचा आहे, रंग टामियाचे अ‍ॅक्रिलिक.

रंगारी_कोल्हापूर

काळ्यापासून सुरुवात करतो, कारण गाड्या रंगवण्याच्या धंद्यात काळ्या रंगाइतका छळ दुसरा कोणताही रंग करत नाही. बाटलीतला निव्वळ काळा मारूच नका. त्यावर पुढे काहीही चढवले तरी ते दिसत नाही आणि सावलीसाठी जागाच उरत नाही. टामियाचा एक्सएफ-६९, म्हणजे नाटो ब्लॅक, मूळ थर म्हणून घ्या. त्यात थोडा जर्मन ग्रे मिसळून पोटाच्या मधल्या भागांवर ढगाळ, अनियमित फवारा द्या आणि निव्वळ काळा फक्त खोबणीत, चाकांच्या खोल्यांजवळ आणि पंखाच्या मुळाशी राखून ठेवा. दाब १५ पीएसआयच्या आसपास असावा, रंग दुधासारखा पातळ असावा आणि हात सतत हलता असावा. रंगांतला फरक इतकाच ठेवा की कोणी दाखवल्याशिवाय दिसू नये, पण नसेल तर चुकल्यासारखे वाटावे.

दुसरे असे, की शेवटचा वॉर्निश अगदी कोरडा मॅट घेऊ नका. किंचित झाक असलेला, अर्धा मॅट काळा या प्रमाणात जास्त खरा दिसतो.

चहाबाज

माझ्याकडे मॉडेल मळवण्याची कसलीही विद्या नाही. कपाटावर ठेवले की सहा महिन्यांत धुळीने ते आपोआप ‘वेदर’ होते, म्हणजे मळते, आणि त्यासाठी खोबणीत सोडायचा कोणताही पातळ रंग, तुमचा तो वॉश, लागत नाही.

लिंकनकर

मी लिंकनशायरमध्ये राहतो, त्यामुळे लँकेस्टर हा विषय इथे भाजीवाल्याच्या दुकानातही निघतो. शहराबाहेरच्या टेकडीवर बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, स्मारक आहे. त्याच्या मनोऱ्याची उंची ३१.०९ मीटर ठेवली आहे, म्हणजे बरोबर लँकेस्टरच्या पंखांच्या विस्ताराएवढी. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की आपल्या टेबलावरच्या ४३ सेंटिमीटरांचा नेमका अर्थ कळतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. संदर्भासाठी कॉनिंग्सबीच्या हवाई तळावरच्या पीए४७४ या लँकेस्टरची छायाचित्रे वापरू नका. ते विमान १९४५ मध्ये तयार झाले, युद्धात कधी उतरले नाही आणि आज त्याची निगा देवघरातल्या समईसारखी राखली जाते. संग्रहालयात ठेवलेल्या आर५८६८ वरही पुढच्या काळात रंग चढले आहेत. खरा आधार १९४४ च्या कृष्णधवल छायाचित्रांचाच आहे, आणि शंभरीच्या निमित्ताने काढलेली छायाचित्रे सुदैवाने बरीच उपलब्ध आहेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या विमानाचे चरित्र वाचा. नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनच्या मोहिमेत दुसऱ्या एका लँकेस्टरशी त्याची हवेतच टक्कर झाली आणि एका पंखाच्या टोकाकडचा भाग गेला. चालक दलाने तशाही अवस्थेत ते जमिनीवर आणले आणि दुरुस्ती होऊन ते फेब्रुवारी १९४४ मध्ये पुन्हा कामाला लागले. लँकेस्टरची रचनाच अशी होती की पंखांचे, धडाचे आणि शेपटीचे भाग वेगवेगळे तयार होत व एकमेकांना जोडले जात, त्यामुळे मोडलेला भाग उतरवून दुसरा बसवणे शक्य होई. याचा अर्थ, तुम्ही निवडलेल्या मे महिन्यात या विमानाचा एक बाहेरचा पंख बाकीच्या विमानापेक्षा बराच नवा होता. संपूर्ण विमानावर एकसारखा मळ चढवलात, तर तो कितीही सुंदर असला तरी या विमानाचा राहणार नाही. कोणत्या बाजूचा पंख ते मात्र छायाचित्रे व नोंदी पाहून स्वतः ठरवा. माझ्या शब्दावर विसंबू नका.

वेल्हेकर

लिंकनकरांचा मुद्दा अभ्यासपूर्ण आहे, तरी मला तो पूर्ण मान्य नाही. मॉडेल हा पुरावा नसून चित्र आहे. प्रदर्शनात टेबलापासून दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ते विमान ‘थकलेले’ वाटले पाहिजे, आणि त्यासाठी थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. रंगभूमीवरचा नट भुवया काळ्या करतो म्हणून कोणी त्याला खोटा म्हणत नाही. पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या, रेषांत गडद वॉश, पुढच्या कडांवर चांदीचे टवके आणि इंजिनांमागे ठळक काजळी या तीन गोष्टी नसतील, तर एवढे मोठे काळे-मातकट विमान नुसते प्लॅस्टिक दिसते. गेली अनेक वर्षे मी असेच करत आलो आहे आणि बघणाऱ्यांना ते आवडते.

अरुंधती_क

वेल्हेकर काका, अतिशयोक्तीला माझाही विरोध नाही, पण ती कोठे करायची याचा हिशेब असावा. १/७२ च्या संचातली पॅनेलची रेघ साधारण ०.१५ मिमी रुंद धरली, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ ११ मिमी होते. इतकी फट असलेल्या विमानात बसायला सात जण तयार झाले नसते. रेघ आधीच अतिशयोक्त आहे. तिच्यात काळा वॉश भरणे म्हणजे त्या अतिशयोक्तीला अधोरेखित करणे. त्यामुळे मी वरच्या रंगांवर वॉश काळा न वापरता त्याच मातकट रंगाची दोन-तीन छटा गडद आवृत्ती वापरते आणि काळ्या पोटावर तर उलट, फिकट राखाडी. ठळक रेषा फक्त जिथे खरोखर उघडझाप होते तिथे ठेवते, उदाहरणार्थ बॉम्बकक्षाची दारे, इंजिनांची आवरणे आणि पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, म्हणजे फ्लॅप व एलेरॉन.

चांदीच्या टवक्यांबाबत मात्र मी ठामपणे विरोधात आहे. पॅसिफिकमधल्या जपानी विमानांचा रंग सोलपटून निघालेला दिसतो, कारण त्यांतल्या पुष्कळ विमानांवर उघड्या धातूवर अस्तराशिवायच रंग दिलेला असे आणि वर बेटांवरचे ऊन व खारी हवा होती. तो देखावा इंग्लंडच्या ढगाळ हवेतल्या विमानावर आणून चिकटवायचे कारण नाही. काळ्यावर चांदीचा एक ठिपकासुद्धा शिंतोड्यासारखा उठून दिसतो.

वेल्हेकर

अकरा मिलिमीटरचा हिशेब मी कधी केला नव्हता. वॉशबद्दल विचार करीन, भुवयांबद्दल मात्र माघार घेणार नाही.

पिस्टन_रिंग

इंजिनांमागच्या डागांवर कोणीच नीट बोलले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. हा माझा जुना राग आहे. दहांतली नऊ मॉडेले तिथे काळी काजळी दाखवतात, आणि लँकेस्टरच्या मर्लिन इंजिनाचा दीर्घ पल्ल्याच्या उड्डाणातला धूर तसा नव्हता.

त्या काळच्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळलेले असे. जळाल्यावर त्यातल्या शिशाचे क्षार बाहेर पडत आणि त्यांचा थर फिकट राखाडी किंवा पिवळसर मातकट दिसे. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त असेल, जसे उड्डाणाच्या व चढाईच्या वेळी असते, तर काजळी धरते. पण सहा-सात तासांच्या मोहिमेतला बहुतांश वेळ विमान पेट्रोल वाचवत, पातळ मिश्रणावर जाते, आणि मग धुराच्या नळीच्या तोंडामागे फिकट पट्टा उमटतो. म्हणून डाग दोन थरांत करा. आधी खूप पातळ केलेला काळपट तपकिरी रंग रुंद फवारा, त्याच्या कडा हवेत विरून जातील असा. मग त्याच्या मधोमध, अरुंद असा, राखाडीत थोडा मातकट मिसळून केलेला फिकट पट्टा. हा पट्टा नळ्यांवरच्या ज्वालारोधक आवरणांच्या मागून निघतो आणि पंखाची पुढची कड ओलांडून पाठीमागे जातो. हवेच्या प्रवाहामुळे तो रुळासारखा सरळ नसतो, इंजिनाच्या आवरणाच्या फुगवट्याशी तो थोडा वळतो. आणि चारही इंजिनांचे डाग एकसारखे करू नका. इंजिने वारंवार बदलली जात, त्यामुळे कुठले तरी एक आवरण शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ असणे अगदी साहजिक होते.

वापराची दुसरी जागा म्हणजे पंखांवरची पेट्रोलची झाकणे. लँकेस्टरच्या सहा टाक्यांत मिळून २,१५४ गॅलन इंधन मावे आणि ते भरायला जमिनीवरचे कर्मचारी पंखावर चढत. झाकणांच्या आसपास बुटांनी घासलेला, किंचित तुकतुकीत झालेला रंग आणि सांडलेल्या पेट्रोलचे मागे गेलेले ओघळ दाखवा. चालक दल पंखावरून आत जात नसे, ते शेपटीकडच्या उजव्या बाजूच्या दारातून शिडीने चढे, त्यामुळे कॉकपिटच्या शेजारी पावलांचे ठसे काढण्याची जी पद्धत पडली आहे तिला आधार नाही.

चहाबाज

म्हणजे विमानाच्या मळावरून त्याची खानेसुमारी करता येते. आमच्या सोसायटीच्या जिन्यालाही हे लागू आहे.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीहून लिहितो. वरील सर्व सल्ले कोरड्या हवेतल्या लोकांचे आहेत. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत लॅकरचा काळा मारला, की पाहता पाहता त्यावर दुधाळ साय धरते आणि विमान पोटाखालून धुके लागल्यासारखे दिसते. कॉम्प्रेसरच्या नळीतून पाण्याचे थेंब येतात ते वेगळेच. गरुडमाची, तुम्ही कोठे असता?

गरुडमाची

नाशिकला. इथे कोकणाइतका त्रास नाही, पण श्रावणात हवा ओलीच असते.

रंगारी_कोल्हापूर

दर्यावर्दी, याला आम्ही रंग पांढरा पडणे म्हणतो आणि पावसाळ्यात प्रत्येक गॅरेजमध्ये हेच रडगाणे असते. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतले बाष्प त्या थंड थरावर बसून रंगात अडकते. उपाय दोन आहेत. थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाला, म्हणजे तो सावकाश उडेल. आणि मुख्य म्हणजे भर पावसाच्या दिवशी लॅकरला हातच लावू नका. पांढरे पडलेच, तर घासून काढण्याची घाई नको. कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या निव्वळ थिनरचा अगदी हलका फवारा दिला, की थर पुन्हा सैल होऊन बाष्प निघून जाते आणि काळा परत येतो. कॉम्प्रेसर व एअरब्रशच्या मध्ये पाणी अडवणारा फिल्टर हवाच, तो कोल्हापुरातही हवा आणि नाशकातही.

अ‍ॅक्रिलिकला हा रोग कमी होतो, पण तो ओल्या हवेत वाळायला वेळ घेतो. बोटाला कोरडा लागला म्हणून लगेच मास्किंग टेप लावू नका. टेप लावण्याआधी तिचा चिकटपणा तळहातावर दोनदा लावून कमी करा. हार्डवेअरच्या दुकानातली गाड्यांची टेप मोठ्या भागांसाठी चालते, पण तिची कापीव कड खडबडीत असते, म्हणून रंगाच्या सीमेवर मॉडेलवाल्यांचीच पातळ टेप वापरा.

मुक्काम_ओटावा

थोडे विषयांतर करतो, पण बॉम्बरचेच. इथल्या विमान संग्रहालयात एक बी-२४ लिबरेटर आहे आणि ते भारतीय हवाई दलाकडून आलेले आहे. इंग्लंडमधले रॉयल एअर फोर्स म्युझियमचे आणि अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयातले लिबरेटरही भारतातूनच गेले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ही विमाने निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसहून अधिक पुन्हा उडण्याजोगी केली आणि त्यांच्यावर १९४८ मध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. शेवटची विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती. मोडक्या ढिगातून भाग जुळवून केलेल्या विमानावर प्रत्येक पत्र्याची छटा निराळी असणार, त्यामुळे मळवण्याचा याहून चांगला विषय मिळणे कठीण. मराठी माणसांनी लँकेस्टरच्या मागे धावावे आणि लिबरेटर विसरावे, याचे मला नवल वाटते.

वेल्हेकर

विसरलेले नाही. ६ नंबरच्या स्क्वाड्रनचे लिबरेटर १९५१ पासून पुण्यालाच होते आणि आमच्या लहानपणी त्यांची घरघर लोहगावच्या बाजूने ऐकू येई. मात्र रंगकामाच्या दृष्टीने तो अगदी वेगळा प्रकार आहे. उघड्या धातूच्या विमानात प्रायमरवरचा एकेक ओरखडा दिसतो, वॉशने काही लपत नाही आणि निरनिराळ्या छटांच्या अ‍ॅल्युमिनियमने पॅनेल झाकून-झाकून रंगवावे लागतात. त्यासाठी वेगळा धागा काढावा, मी येईन.

सई_निरंजन

एक शंका आहे, आणि ती रंगापुरतीच ठेवते. नाकाजवळच्या त्या चिमुकल्या बॉम्बांतला प्रत्येक बॉम्ब म्हणजे एक मोहीम, आणि पुष्कळ मोहिमा माणसांनी भरलेल्या शहरांवरच्या. बॉम्बर कमांडचेही ५५,५७३ लोक मारले गेले. अशा रांगा चमकदार, ठसठशीत करायच्या की विमानाच्या बाकी भागाइतक्याच मळवायच्या? मला त्या उठून दिसलेल्या बघवत नाहीत.

लिंकनकर

सईताई, रंगापुरतेच उत्तर देतो. त्या रांगा एकाच दिवशी काढलेल्या नव्हत्या. मोहीम झाली की जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी पुढचा बॉम्ब रंगवत असे, म्हणून पहिल्या रांगा दीड-दोन वर्षांच्या उन्हापावसातल्या आणि शेवटच्या त्या आठवड्यातल्या. संचातले डेकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, सगळ्या रांगा एकाच ताजेपणाने छापतात. डेकल बसल्यावर जुन्या रांगांवर अतिशय पातळ राखाडी फवारा द्यावा आणि शेवटच्या काही चिन्हांना तसेच सोडावे. मग त्या उठून दिसण्याऐवजी वाचता येतील. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या बाटलीत नाही.

अरुंधती_क

डेकलांवरून आठवले. मॅट पृष्ठभागावर डेकल लावले तर खाली हवा अडकून ते चांदीसारखे चमकते, आणि काळ्यावर तो दोष सर्वांत जास्त डोळ्यांत खुपतो. आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल, मग मऊ करणारे द्रावण, आणि सुकल्यावर अर्धा मॅट थर, हाच क्रम ठेवा. बॉम्बच्या रांगांभोवतीची पारदर्शक झिल्ली शक्य तितकी कापून टाका.

गरुडमाची

सर्वांचे आभार. सगळे वाचून असे ठरवले आहे. पोटासाठी नाटो ब्लॅक आणि त्यावर ढगाळ राखाडी, रंगारींनी सांगितल्याप्रमाणे. पॅनेलच्या रेषांत काळा वॉश नाही. डाग दोन थरांत, आणि आतल्या बाजूच्या एका इंजिनाचे आवरण स्वच्छ ठेवणार. पंख दुरुस्तीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. छायाचित्रांवरून बाजू नक्की झाली, तर त्या पंखाच्या बाहेरच्या भागावर मातकट व हिरवा रंग मूळ छटेत राहील, बाकीच्या वरच्या बाजूवर त्याच रंगांत थोडा फिकट पिवळसर मिसळून उन्हाने उतरलेली छटा येईल. नक्की झाली नाही, तर हा फरक करणार नाही, अंदाजाने खोटा पंख रंगवण्यापेक्षा दोन्ही सारखे बरे. चांदीचे टवके फक्त प्रोपेलरच्या पात्यांच्या कडांना, तेही वेल्हेकर काकांच्या समाधानासाठी.

आता फक्त काचा राहिल्या आहेत. कॉकपिटच्या छताच्या चौकटी आणि तीन गन टरेट, म्हणजे बंदुकांचे फिरते काचेचे घुमट, यांचे मास्किंग कापताना डोळे जातील असे वाटते.

पिस्टन_रिंग

कापू नका, तयार मास्क विकत घ्या. या एका बाबतीत काटकसर परवडत नाही. रंग देताना चौकटींवर आधी आतल्या बाजूचा रंग आणि त्यावर बाहेरचा काळा असा क्रम ठेवा, म्हणजे काचेतून पाहिल्यावर चौकटीची आतली बाजू बरोबर दिसेल. आणि शेपटीच्या टरेटची छायाचित्रे नीट पाहा. पुष्कळ गनर समोरचा पर्स्पेक्सचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) मधला तुकडा काढून टाकत, कारण त्यावरचा एखादा ठिपकासुद्धा अंधारात शत्रूचे विमान वाटे. तुमच्या विमानात तसे केलेले आढळले, तर तो भाग धारदार पात्याने कापावा लागेल, आणि हे काम टरेट चिकटवण्याच्या आधीच करावे लागेल.

गरुडमाची

टरेट अजून चिकटवलेले नाही. आज रात्री छायाचित्रे भिंगाखाली घालून बसतो.